पास्त्याची मूद का पडते? जास्त शिजलेला पास्ता सावरणे आणि तयार सॉस निवडणे

समस्या अशी आहे की पाकिटावर लिहिलेली मिनिटे घड्याळ लावून पाळली, पाणी भरपूर घेतले, मीठही आठवणीने घातले, तरी ताटात येईपर्यंत पास्ता गिच्च होतो, नळ्यांच्या कडा फाटतात आणि सॉस घालून दोनदा परतले की त्याचा लगदा होतो. एखाद्या वेळी असे झाले तर सोडून देता येते, परंतु दर खेपेस होत असेल तर दोष सवयीत आहे असे समजून शोध घ्यावा लागतो. आमच्या दादरच्या घरी हे सलग तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी, भाच्याच्या वाढदिवसाला, मी पाऊण किलो पेने (नळ्यांच्या आकाराचा पास्ता) शिजवले, पाणी निथळून ते पुन्हा त्याच गरम पातेल्यात घातले, ऊब राहावी म्हणून वर झाकण ठेवले आणि पाहुण्यांत जाऊन बसलो. वीस मिनिटांनी पातेले परातीत उपडे केले तेव्हा पास्ता भाताच्या मुदीसारखा, पातेल्याचा आकार जसाच्या तसा घेऊन, अखंड बाहेर आला. "यावर वरण वाढू का?" एवढेच आईने विचारले.

त्यानंतर मी एकेक शक्यता तपासत गेलो. पाणी कमी पडले होते का, पास्ता हलक्या प्रतीचा होता का, मिनिटे मोजण्यात चूक झाली का, यांपैकी प्रत्येकाचा थोडाथोडा वाटा निघाला. मुख्य दोष मात्र गॅस बंद केल्यानंतरच्या वेळेत सापडला. गॅस बंद केला की शिजणे थांबले असे आपण धरून चालतो. भाताच्या बाबतीत तर झाकण ठेवून वाफ जिरू देणे हा शिजवण्याचाच भाग असतो, कारण बैठ्या भाताची उरलेली कणी त्याच वाफेवर शिजते. पास्त्याला नेमकी तीच वाफ मारक ठरते. पास्त्याचे नाते बैठ्या भाताशी नाही, कोकणातल्या वेळलेल्या भाताशी आहे: भरपूर आधणात मोकळा शिजवायचा, किंचित कणी असतानाच पेज गाळून टाकायची आणि मग त्याला दडपून ठेवायचे नाही. आजी भात वेळत असे तेव्हा पातेले उतरवल्यापासून ती कलते करून पेज काढण्यापर्यंत तिची जी लगबग चाले, ती कुकर आल्यापासून आपल्या हाताला ठाऊकच राहिलेली नाही.

गॅस बंद केल्यावर आत काय चालू असते

चांगला सुका पास्ता ड्युरम जातीच्या गव्हाच्या रव्यापासून करतात. हा गहू कडक दाण्याचा, पिवळसर झाक असलेला आणि प्रथिने भरपूर असलेला असतो. आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जाणारा गहू याच जातीचा आहे, आणि बन्सी रव्याचा उपमा मोकळा होतो हे मराठी स्वयंपाकघराला वेगळे सांगावे लागत नाही. रवा मळला जातो तेव्हा त्यातील प्रथिनांची एक लवचीक जाळी तयार होते आणि पिष्टाचे कण तिच्यात अडकून बसतात. पास्ता उकळत्या पाण्यात पडला की साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे हे कण पाणी पिऊन फुगू लागतात, आणि त्याच उष्णतेने प्रथिनांची जाळी आवळून घट्ट होते. जोवर जाळी कणांना धरून ठेवते तोवर पास्ता मऊ असूनही चावताना दाताला जाणवतो; इटालियन लोक या अवस्थेला 'अल देंते' म्हणतात, आणि त्या शब्दांचा रोखही दाताकडेच आहे. कण त्यापुढेही फुगत राहिले तर जाळी ताणून तुटते, पिष्ट बाहेर पाझरते, पृष्ठभाग बुळबुळीत होतो आणि एक नळी दुसरीला धरून बसते. आमच्या मुदीतला डिंक तो हाच.

चाळणीत ओतलेला पास्ता त्या क्षणी जवळजवळ पाण्याइतकाच तापलेला असतो, आणि त्याच्या बाहेरच्या थरात पाणी जास्त, गाभ्यात कमी असते. त्यामुळे भोवतालचे पाणी निघून गेले तरी बाहेरच्या थरातले पाणी आत सरकत राहते आणि गाभा फुगत राहतो. उघड्या परातीत पातळ पसरला तर वाफ निघून जाते आणि तो काही मिनिटांत कोमट होतो. झाकणाखाली ढीग करून ठेवला तर मधला भाग कितीतरी वेळ गरम राहतो आणि शिजतच असतो. म्हणजे पाकिटावरची अकरा मिनिटे मी अचूक पाळली होती, परंतु प्रत्यक्षात पास्ता अर्ध्या तासाच्या आसपास उष्णतेत होता.

मुंबईपुरते एक बरे आहे की शहर समुद्रसपाटीला असल्याने पाणी १०० अंशांनाच उकळते आणि पाकिटावरची वेळ येथे जशीच्या तशी लागू पडते. महाबळेश्वरला, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, पाणी ९५–९६ अंशांना उकळते आणि तेथे एखाद-दोन मिनिटे जास्त लागतात. तिकडे सुट्टीत जमलेले माप घेऊन घरी आल्यास ते चुकणारच.

कारणांची तपासणी

सर्वांत आधी पाकिटामागचे घटक वाचावेत. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुक्या पास्त्यासाठी ड्युरम गव्हाचाच रवा वापरणे बंधनकारक केले. आपल्या दुकानांत मात्र ड्युरम, साधा रवा, मैदा, किंवा यांचे मिश्रण असे सर्व प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि समोरून सारखेच दिसतात. पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे प्रथिने १२ ग्रॅम किंवा त्याहून अधिक असतील तर पास्ता शिजताना चूक पोटात घालतो. मैद्याच्या किंवा साध्या रव्याच्या पास्त्यात कच्चा आणि गिच्च यांच्यामध्ये जेमतेम मिनिटभराचे अंतर असते. तांदूळ किंवा मक्याच्या पास्त्यात प्रथिनांची ती जाळीच नसल्याने तो याहूनही लवकर फुटतो, म्हणून अशा पास्त्याजवळून हलूच नये.

पाण्याचे पाठ्यपुस्तकी माप १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, म्हणजे अर्धा किलोच्या पाकिटाला ५ लिटर, असे आहे. मुंबईच्या ओट्यावर एवढे पातेले आणि एवढी आच दोन्ही मिळणे कठीण, म्हणून आम्ही ३ लिटरमध्ये भागवतो आणि पहिली दोन मिनिटे झाऱ्याने सतत हलवत राहतो. चिकटण्याचा धोका मुख्यतः याच दोन मिनिटांत असतो. पाणी खळखळ उकळल्याशिवाय पास्ता वैरू नये आणि वैरल्यावर पुन्हा उकळी येईपर्यंतचा वेळ डोळ्यांनी पाहावा. आच मंद असेल तर उकळी परत यायला चार-पाच मिनिटे जातात, तेवढा वेळ पास्ता गरम पाण्यात नुसता भिजत राहतो आणि मग घड्याळाला अर्थ उरत नाही. तेव्हा पाकिटावर '९ ते ११ मिनिटे' असे लिहिले असल्यास सातव्या मिनिटापासून चाखायला सुरुवात करणे हाच विश्वासार्ह उपाय आहे.

पाण्यात तेल घातल्याने पास्ता मोकळा राहतो ही समजूत आमच्याही घरी होती. तेल पाण्यावर तरंगते, शिजण्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि निथळताना जे थोडे नळ्यांना लागते त्यावरून पुढे सॉस घसरतो. मिठाने पाणी जास्त तापते हेही खरे नाही म्हणण्यासारखेच आहे: लिटरमागे १० ग्रॅम मिठाने उत्कलनबिंदू एका अंशाच्या पाचव्या हिस्स्यानेही वाढत नाही. मीठ चवीसाठी असते, आणि शिजताना ते आत मुरते तसे नंतर वरून घालून मुरत नाही.

राहिला कुकर. एका शिटीत पास्ता होतो असे अनेकजण सांगतात, आणि होतोही. पण कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, वाफ उतरेपर्यंत झाकण उघडता येत नाही, आणि या सगळ्या वेळात चाखून पाहण्याची सोय नसते. शिवाय पिष्टाचा फेस शिटीच्या नळीत चढून ती तुंबण्याचा धोका असतो. ज्या पदार्थात मिनिटाचा हिशेब महत्त्वाचा आहे त्याला कुकर नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

पास्ता जास्त शिजला तर काय करावे

प्रथम किती बिघडला आहे ते पाहावे. शितावरून भाताची परीक्षा होते, परंतु पातेल्यात तळाचा पास्ता वरच्यापेक्षा जास्त शिजलेला असू शकतो, म्हणून तळाचा एक आणि वरचा एक असे दोन तुकडे काढून सुरीने आडवे कापावेत. कापात मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसत असेल तर काहीच बिघडलेले नाही. ती कणी आहे आणि सॉसमध्ये मिनिटभरात जाईल. ठिपका नसेल, पण काप स्वच्छ असेल आणि बोटांत हलके दाबून सोडल्यावर तुकडा पुन्हा वर येत असेल, तर तो थोडाच जास्त झाला आहे. सुरीच्या पात्याला पांढरा लगदा लागला, तुकडा दाबताच चपटा होऊन तसाच राहिला, तर त्याला पास्ता म्हणून वाढण्याचा विचार सोडून द्यावा.

थोडा जास्त झालेल्या पास्त्याला सर्वांत आधी थांबवायला हवे. एरवी शिजलेला पास्ता धुऊ नये असे सांगतात, कारण पृष्ठभागावरचे पिष्टच सॉसला धरून ठेवते, आणि तो नियम योग्यच आहे. बिघडलेल्या पास्त्याला मात्र तो लागू नाही, कारण तेथे जास्तीचे पिष्ट हीच अडचण असते. लगेच चाळणीत ओतून थंड पाण्याखाली धुवावे. येथे मुंबईकराने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी हाताला गरम लागते आणि त्याने पास्ता थांबत नाही. फ्रिजमधले दोन बाटल्या पाणी व बर्फाचा एक ट्रे मोठ्या भांड्यात घालून त्यात पास्ता मिनिटभर बुडवावा, नुसता हात फिरवावा, ढवळू नये. मग पूर्ण निथळून, परातीत किंवा स्वच्छ पंचावर एक थर पसरून, चमचाभर तेलाचा हात लावून, झाकण न ठेवता अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. गार होताना फुगलेले पिष्ट पुन्हा आवळते आणि तुकडे टणक होतात. रात्रीचा मऊ भात सकाळी फोडणीला मोकळा होतो, त्यामागचे कारण हेच आहे, आणि पुढची कृतीही तीच आहे: लोखंडी कढई चांगली तापवून दोन चमचे तेलात, एका वेळी दोन वाट्यांहून जास्त न घेता, मोठ्या आचेवर परतावे. कडांना बदामी रंग येऊ द्यावा. ती खरपूस कड गेलेल्या चावणीची बरीचशी भरपाई करते. सॉस वेगळ्या भांड्यात कढत आणि दाट तयार ठेवून ताटात वाढताना वरून घालावा. अशा पास्त्याला सॉसमध्ये शिजवणे म्हणजे पुन्हा तोच अपघात करणे होय.

फार शिजलेल्या पास्त्यासाठी मला पटलेला उपाय नेपल्सचा आहे. तेथे उरलेल्या पास्त्याची अंड्यात बांधलेली जाड पोळी करतात, तिला 'फ्रित्ताता' म्हणतात, आणि तिच्यात पास्ता मऊ असणे अडचणीचे ठरत नाही. दोन वाट्या पास्त्याला तीन अंडी, मूठभर किसलेले चीज, मिरपूड आणि हवी तर चिरलेली कोथिंबीर एकत्र करून जाड तव्यावर तेल घालून मंद आचेवर झाकण ठेवून सात-आठ मिनिटे, मग ताटलीच्या मदतीने उलटून आणखी पाच मिनिटे भाजावी. घट्ट झाल्यावर त्रिकोणी तुकडे पडतात. अंडे चालत नसल्यास बेसनाच्या पोळ्याइतपत सरबरीत पीठ करून त्यात पास्ता घालावा, ओवा आणि हिरवी मिरची घालावी. चव इटलीची राहत नाही, पण आमच्याकडे ती पोळी फ्रित्तातापेक्षा आधी संपते. ओव्हन असेल तर पांढऱ्या सॉसचा थर आणि वर चीज घालून भाजल्यासही मऊपणा झाकला जातो. ज्याचा खरोखर लगदाच झाला असेल तो मिक्सरमध्ये फिरवून टोमॅटोच्या सारात किंवा भाज्यांच्या सूपमध्ये दाटपणासाठी पळीभर घालावा, एवढाच त्याचा उपयोग उरतो.

कॉर्नफ्लोअर भुरभुरणे, पुन्हा उकळत्या पाण्यातून काढणे, चीज वाढवून गरम गरम ढवळणे हे तिन्ही प्रयोग मी केले आहेत आणि तिन्हींनी परिस्थिती बिघडवली. बिघडलेला पास्ता 'नंतर बघू' म्हणून ओट्यावर सोडण्याची सवयही घातक आहे. शिजलेल्या भाताप्रमाणेच पास्त्यातही बॅसिलस सेरियस हे जिवाणू वाढतात, त्यांच्यापासून तयार होणारे एक विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही, आणि मुंबईची दमट हवा त्यांना मानवते. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा.

पाहुणे यायचे असतील आणि पास्ता आधी करून ठेवणे भाग असेल, तर उपाहारगृहांची पद्धत वापरावी. पाकिटावरच्या वेळेच्या दोन-तृतीयांश वेळच शिजवावा, बर्फाच्या पाण्यात थांबवावा, निथळून तेलाचा हात लावून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि वाढण्याच्या वेळी चाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून थेट कढत सॉसमध्ये टाकावा. भाच्याच्या पुढच्या वाढदिवसाला आम्ही असेच केले. मुलांच्या डब्यासाठीही हिशेब सारखाच आहे: दोन मिनिटे आधी काढावा आणि पूर्ण निवाल्याशिवाय डब्याचे झाकण लावू नये, कारण बंद डबा हे छोटे पातेलेच असते.

सॉसचा यात काय संबंध

आमच्या बाबतीत दुसरा दोष तयार सॉसचा होता, आणि तो उशिरा लक्षात आला. सॉस पातळ होता. पातळ सॉस आटवण्यासाठी मी पास्ता त्यातच घालून आठ-दहा मिनिटे उकळत ठेवत असे, म्हणजे सॉस दाट होईपर्यंत पास्ता जाऊन बसलेला असे. त्यामुळे बाटली निवडताना चवीइतकेच, किंबहुना आधी, दाटपणाकडे पाहावे.

दुकानात उभ्या उभ्या करता येण्याजोगी परीक्षा सोपी आहे. काचेची बाटली आडवी करून पुन्हा सरळ करावी. चांगला सॉस आळसावल्यासारखा सरकतो आणि काचेवर एक असमान, खडबडीत थर मागे ठेवतो, ज्यात टोमॅटोचे तंतू, एखादे बी, कांद्याचा कण दिसतो. पाणीदार सॉस लगेच खाली येतो आणि काच जवळजवळ स्वच्छ होते. पिष्ट घालून दाट केलेला सॉस एकसंध चकचकीत पडद्यासारखा उतरतो. घरी आणल्यावर एक चमचा पांढऱ्या बशीवर ठेवून दोन मिनिटे थांबावे. ढिगाच्या कडेने फिकट गुलाबी पाण्याचे कडे पसरले तर तो सॉस पास्त्याला धरणार नाही, बशीच्या तळाशी पाणी आणि वर चोथा असेच ताटातही दिसेल. रंग तांबडा-नारिंगी असावा; विटकरी-तपकिरी रंग जास्त तापवल्याचे किंवा जुनेपणाचे लक्षण असते.

मग लेबल. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे, त्यामुळे पहिली तीन-चार नावे वाचली की बाटलीत काय आहे ते बहुतेक कळते. टोमॅटो किंवा टोमॅटोचा गर पहिला असेल तर उत्तम. पाणी पहिले आणि टोमॅटो पेस्ट दुसरी असेल तर लगेच नाकारू नये, कारण ताज्या टोमॅटोतही पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असते आणि आटवलेल्या पेस्टमध्ये पाणी परत घालणे ही लबाडी नव्हे. परंतु पाणी, साखर आणि मग पेस्ट असा क्रम असेल तर हातात पास्ता सॉसच्या नावाने केचप आहे. तेलाचेही तसेच: समोर ऑलिव्हच्या फांदीचे चित्र असते आणि मागे सूर्यफुलाचे किंवा पामतेल पहिले, ऑलिव्ह तेल दोन टक्के असे लिहिलेले असते. आकड्यांची ओळख करून घेतल्यास फायदा होतो. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ४१५ म्हणजे झँथन गम, २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, १४२२ आणि १४४२ ही सुधारित पिष्टे. यांत घाबरण्यासारखे काही नाही. पण सुधारित पिष्ट आणि गम दोन्ही असतील तर दाटपणा टोमॅटोचा नाही एवढे समजावे, आणि असा सॉस तापल्यावर पास्त्यावर खळीसारखा बसतो.

साखर व मीठ यांचे आकडे तक्त्यात मिळतात. टोमॅटोची स्वतःची साखर धरून १०० ग्रॅममागे ५-६ ग्रॅम असणे स्वाभाविक आहे. दहाच्या पुढे गेली तर गोडवा जाणवेल, आणि 'अतिरिक्त साखर' ही ओळ वेगळी वाचावी. सोडियम ४०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवते. ६०० मिलिग्रॅमचा सॉस प्रत्येकी १०० ग्रॅम वाढला की त्या मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका वाढीत संपतो, म्हणून असा सॉस वापरायचा असल्यास पास्त्याच्या पाण्यातले मीठ निम्मे करावे.

शाकाहारी घरांनी हिरव्या पेस्तोच्या, म्हणजे बेसिलची पाने आणि चीज वाटून केलेल्या सॉसच्या, बाटलीकडे विशेष लक्ष द्यावे. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध साकळवणारे द्रव्य) वापरून करतात, त्यामुळे तुळशीच्या कुळातल्या बेसिलची पाने दिसली म्हणून पेस्तो शाकाहारी ठरत नाही. हिरव्या ठिपक्याची खूण पाहूनच घ्यावी. आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचे नाव-पत्ता आणि १४ अंकी परवाना क्रमांक असलेली पट्टी हवी, आणि ती पट्टी मूळ तारखेवर चिकटवलेली नसावी. सवलतीच्या फळीवर ठेवलेल्या बाटलीची तारीख तर दोनदा वाचावी. झाकणाचा मधला भाग दाबल्यावर टिकटिक वाजत असेल तर आतली निर्वात स्थिती गेलेली आहे, ती बाटली परत ठेवावी.

घरी आलेला सॉस मध्यमच निघाला तरी सुधारता येतो, आणि हे काम पास्ता वैरण्याच्या आधी करायचे असते. पसरट कढईत दोन चमचे तेल, चार लसणाच्या पाकळ्यांचे काप, ते पिवळसर झाले की सॉस ओतून मध्यम आचेवर पाच-सात मिनिटे, कडेने तेल सुटेपर्यंत परतावा. मटणाचा किंवा टोमॅटोच्या रस्याचा मसाला भाजताना आपण जी खूण पाहतो तीच येथे पाहायची, कारण पेस्टचा कच्चट वास तोवर जात नाही. फार आंबट असेल तर लोण्याचा लहानसा तुकडा आणि बारीक चिरून मऊ परतलेले गाजर घालावे. चिमटीच्या टोकावर मावेल एवढा खाण्याचा सोडाही आंबटपणा मारतो, मात्र फेस येतो आणि जास्त पडला तर चव साबणासारखी होते. फार गोड असेल तर मिठाने तो सुधारत नाही, लिंबाचे काही थेंब आणि लाल मिरचीचे तुकडे लागतात. मुंबईच्या बहुतेक घरांत खणात साठलेल्या पिझ्झ्याबरोबरच्या ओरेगानोच्या पुड्या येथे कामी येतात, फक्त त्या आच बंद करण्याच्या मिनिटभर आधी घालाव्यात.

प्रमाण म्हणून १०० ग्रॅम सुक्या पास्त्याला ८० ते १०० ग्रॅम सॉस पुरतो. आता क्रम असा ठेवावा: सॉस कढईत दाट होऊन मंद आचेवर, चाळण सिंकमध्ये, परात ओट्यावर मोकळी, आणि मग पास्ता आधणात. वेळेच्या दोन मिनिटे आधी पळीभर पेज बाजूला काढून निथळावा, झाकण न ठेवता थेट कढईत घालावा, त्या पेजेचे दोन-तीन चमचे घालून मिनिट-दीड मिनिट मोठ्या आचेवर उलथावा, आणि जेवायला बसलेल्यांच्या ताटात वाढावा.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवूनही पाच-सहा दिवसांत संपवावी. लोणच्याचा कोरड्या चमच्याचा नियम येथे अधिक कडक आहे, कारण लोणच्याला मीठ आणि तेल राखतात, सॉसमध्ये दोन्ही तेवढे नसते. पावसाळ्यात तर झाकणाच्या आतल्या कडेला चौथ्या दिवशी पांढरी बुरशी मी पाहिली आहे, आणि वरचा भाग काढून खालचा वापरण्याचा मोह अशा वेळी टाळावा. लगेच संपणार नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवावा, एका खणात साधारण एक टेबलचमचा मावतो. बाटली रिकामी झाल्यावर तिच्यात पास्त्याची थोडी कोमट पेज घालून, झाकण लावून हलवावी आणि कढईत ओतावी. मानेशी व तळाशी चिकटून राहिलेला सॉस त्याच दाट पेजेबरोबर सुटून येतो.